उंबरदरा पॅटर्न

पुण्याजवळ नांद्याहून रिह्याकडे जाताना लागणाऱ्या उंबरदरा गावच्या मराठी शाळेत चार वर्ग, दोन खोल्या आणि शिक्षकांची दोन मंजूर पदं आहेत. त्यांपैकी एका पदावर मुख्याध्यापिका सुलक्षणा टेमघरे काम करतात. दुसरं पद रिक्त आहे. ते इतकी वर्षं रिक्त आहे की सेवाज्येष्ठता पाहिली तर मुख्याध्यापकाची खुर्ची त्यालाच मिळायला हवी होती.

सुलक्षणाबाई एका खोलीत पहिली-दुसरीला बेरजा घालत, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथीला धडा वाचायला लावत आणि मधल्या दारात उभ्या राहून दोन्हीकडे डोळे वटारत. उरलेल्या वेळात त्या खिचडीची चव घेत, मतदारयाद्या तपासत आणि वरून मागवलेली माहिती भ्रमणध्वनीला रेंज मिळेल त्या कोपऱ्यात जाऊन भरत. मुलं बहुतेक बिगाऱ्यांची आणि सोसायट्यांच्या वॉचमनची. गावच्या घरांतली मुलं सकाळीच इंग्रजी शाळांच्या पिवळ्या बसमधून जात. त्या बस वळवायला गावात एकच मोकळी जागा उरली होती, ती म्हणजे मराठी शाळेचं मैदान.

शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष पालक असावा लागतो. ही अट कळल्यावर गावातल्या सर्व मातब्बरांनी मोठ्या मनाने माघार घेतली आणि हाफीज मुलाणी बिनविरोध निवडून आले. त्यांचं मारुंजीला नळ-पाइपांचं दुकान होतं आणि मुलगी सायमा चौथीत होती. सुलक्षणाबाईंप्रमाणे त्यांनाही शाळेसाठी एकच गोष्ट हवी होती, आणखी एक शिक्षक. रंग नको, झोपाळा नको, नेत्याच्या नावाची कमान तर नकोच.

त्या वर्षी खात्याने ‘वाचन-सिद्धी अभियान’ काढलं. प्रत्येक मुलाला अस्खलित वाचता यावं, असं उद्दिष्ट होतं. बाईंनी प्रामाणिकपणे मुलांना वाचायला लावलं आणि निम्म्यांना येतं, असं कळवून टाकलं. दुसऱ्या दिवशी केंद्रप्रमुख विश्राम ढमाले दुचाकीवरून आले. त्यांचा चेहरा घरात काहीतरी अघटित घडल्यासारखा होता. केंद्रातल्या इतर सर्व शाळांनी शंभर टक्के साध्य केलं होतं. दोन शाळांनी तर अभियानाचं परिपत्रक पोचण्याआधीच केलं होतं.

“मॅडम,” ढमालेसर म्हणाले, “उद्दिष्ट शंभर टक्के आहे. मग साध्य निम्मं कसं असेल? जरा उद्दिष्ट वाचून तरी माहिती भरत जा.”

निम्मंच ठेवायचं असेल तर प्रगत अध्यापनाच्या प्रशिक्षणाला दर आठवड्याला तालुक्याला यावं लागेल, शाळा तेवढे दिवस बंद ठेवावी लागेल, हेही त्यांनी आपुलकीने सांगितलं. मुलांच्या शिक्षणात खंड पडू नये म्हणून बाईंनी शंभर टक्के भरलं.

त्याचं उत्तर लवकर आलं. ‘आपल्या शाळेने एका शिक्षकाच्या बळावर शंभर टक्के साध्य केल्याबद्दल अभिनंदन. सबब दुसऱ्या शिक्षकाची आवश्यकता दिसून येत नाही.’

हाफीजभाईंनी ते पत्र दोनदा वाचून घेतलं. मग त्यांनी विचारलं, समजा शून्य टक्के भरलं असतं तर? त्याचीही तरतूद होती. शून्य टक्क्यांची शाळा जवळच्या शाळेत विलीन करतात.

मार्ग हाफीजभाईंच्याच दुकानात निघाला. हिंजवडीतल्या एका कंपनीचं एक फाउंडेशन होतं आणि ते गरजू शाळांना स्वखर्चाने शिक्षिका देत असे. तिथल्या जान्हवी मॅडम फ्लॅटच्या गळक्या नळासाठी दुकानात आल्या होत्या. हाफीजभाईंनी नळही दिला आणि शाळेचं आमंत्रणही.

जान्हवी मॅडम आल्या, खिचडी खाऊन भारावल्या आणि मग कामाचं बोलू लागल्या. मदत फक्त जिथे बहुतेक मुलांना वाचता येत नाही अशाच शाळेला मिळते. खात्याचे शंभर टक्के त्यांना ठाऊक होते, पण त्याची काळजी नव्हती.

“सरकारी डेटा आम्ही धरतच नाही हो. आमची आमची बेसलाइन असते, म्हणजे सुरुवातीची चाचणी. ती लो आली पाहिजे, तरच पुढे इम्पॅक्ट दिसतो. निम्मी मुलं वाचत असतील तर प्रॉब्लेम आहे.”

चाचणी पंधरवड्याने होती. सुलक्षणाबाईंनी नोकरीत प्रथमच न वाचण्याचा सराव घ्यायला सुरुवात केली. हे काम वाटलं तितकं सोपं निघालं नाही. विश्वास बसेल असं चुकायचं तर आधी बरोबर काय आहे ते कळावं लागतं. हुशार मुलं चटकन शिकली. सायमा तर ‘कमळ’ या शब्दापाशी अशी घुटमळायची की ऐकणाऱ्याने तिला वही-पेन्सिलसाठी पैसे द्यावेत. कच्ची मुलं मात्र घाबरून अंदाजाने काहीतरी बोलत आणि नेमकं ते बरोबर निघे. न वाचण्याच्या परीक्षेत काही मुलं नापास झाली. त्यांना जादा तास घेऊन आधी नीट वाचायला शिकवावं लागलं आणि मग ते कसं येत नाही हे शिकवावं लागलं.

हाफीजभाई एकदा खिडकीतून हा तास पाहत उभे राहिले. सुटीत आत येऊन म्हणाले, “म्याडम, अध्यक्ष हाय म्हणून इचारतो. खात्याला सांगायचं, येत न्हाई ते येतंय. कंपनीला सांगायचं, येतंय ते येत न्हाई. ह्याला शिक्शान म्हणत्यात व्हय?”

“नाही हो भाई,” बाई म्हणाल्या. “याला मूल्यमापन म्हणतात.”

बेसलाइन उत्तम, म्हणजे अत्यंत वाईट आली आणि फाउंडेशनची शिक्षिका म्हणून कल्पनाताई रुजू झाली.

कल्पनाताईचं शिक्षण डी.एड. भरतीची वाट पाहता पाहता तिचं वय भरतीच्या मर्यादेला टेकलं होतं. मारुंजीत एका खोलीत भाड्याने राहत होती. शिकवण्याची तिला अशी काही हौस होती की ती मुलांना रस्त्यावर नेऊन टेम्पोच्या मागे लिहिलेलं वाचायला लावी, दुकानांच्या पाट्यांतल्या चुका शोधायला लावी, सोसायट्यांची नावं वाचून त्यांचे अर्थ विचारी. अर्थ तिलाही सापडत नसत, पण दिवाळीपर्यंत मुलं खरोखर वाचू लागली. अगदी बिगाऱ्याची दुसरीतली पोर रोज आईला सिमेंटच्या पोत्यावरची तारीख वाचून दाखवू लागली. सुलक्षणाबाईंना इतक्या वर्षांत प्रथमच आपण शाळेत आहोत असं वाटलं.

मग त्यांनी फाउंडेशनच्या करारातली शेवटची अट वाचली. तीन चतुर्थांश मुलांना वाचता येऊ लागलं की शाळा ‘उत्तीर्ण’ होते आणि शिक्षिकेला अधिक गरजू शाळेत हलवण्यात येतं.

कल्पनाताई जाऊ द्यायची नव्हती. त्यामुळे फाउंडेशनच्या दर तिमाही चाचणीत मुलांनी थोडं सुधारायचं, पण फार नाही, असं ठरलं. खात्याच्या तपासणीला मात्र शंभर टक्केच लागत होते. दोन्हीकडची माणसं आलटून पालटून येत. मुलांचा गोंधळ उडू लागला, तेव्हा बाईंनी फळ्यावर सुविचाराच्या खाली एक ओळ राखून ठेवली. त्यात कधी ‘आज येतं’, कधी ‘आज येत नाही’ आणि तिमाहीच्या दिवशी ‘आज थोडं थोडं येतं’ असं लिहिलेलं असे. मुलं प्रार्थना झाली की तेवढं वाचत आणि मग त्याप्रमाणे वागत. ती ओळ वाचायला मात्र प्रत्येकाला रोज येत होतं.

पेच आला तो आकस्मिक तपासणीच्या दिवशी. तिची लेखी सूचना आठ दिवस आधी मिळाली होती, म्हणून फळ्यावर ‘आज येतं’ होतं. ढमालेसर वेळेवर आले. त्यांनी सायमाला उभं केलं, पुस्तक दिलं. सायमाने न अडखळता अख्खं पान वाचलं, वर स्वल्पविरामाला थांबलीसुद्धा. तेवढ्यात दारात जान्हवी मॅडम दिसल्या. पुढच्या आठवड्यातली चाचणी त्यांनी आजच उरकायची ठरवलं होतं, कारण पुढच्या आठवड्यात त्यांची टीम फिरायला जाणार होती.

बाई फळ्याकडे धावल्या, पण तोवर जान्हवी मॅडमनी कौतुकाने सायमाच्या हातात आपलं चाचणीचं कार्ड दिलं होतं. त्यावर मोठ्या अक्षरांत तीन वाक्यं होती. सायमाने आधी फळ्याकडे पाहिलं, मग मॅडमच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे. आणि पहिल्याच शब्दाला अडली. “क…,” ती म्हणाली. “क… क…”

सुलक्षणाबाईंनी मनाची तयारी केली. सगळं सांगून टाकायचं. निलंबन आलं तर निलंबन.

“सर, मॅडम, मला तुम्हा दोघांना एक सांगायचंय…”

“थांबा मॅडम,” ढमालेसर म्हणाले. ते विचारात पडले होते, पण काळजीत नव्हते. “आमच्या पुस्तकात वाचलं. यांच्या कार्डवर अडखळली. साधन वेगळं, निष्कर्ष वेगळा. यात अडचण काय?”

“एक्झॅक्टली,” जान्हवी मॅडम म्हणाल्या. “टूल डिफरन्स आहे हा. दोन्ही डेटा आपापल्या जागी व्हॅलिड आहेत.”

मग चहा झाला. ढमालेसरांच्या अहवालात शंभर टक्के गेले, जान्हवी मॅडमच्या सादरीकरणात चढती रेषा गेली. एकच शाळा एकाच दिवशी सिद्धही आहे आणि सुधारतही आहे, असा प्रकार दोघांच्याही वरिष्ठांनी कधी पाहिला नव्हता. शासन आणि उद्योग यांच्या सहकार्याचं हे फळ असल्याचं जाहीर झालं आणि त्याला ‘उंबरदरा पॅटर्न’ असं नाव पडलं.

पॅटर्न म्हटला की लोक बघायला येतात. आधी तालुक्यातले शिक्षक आले, मग शेजारच्या जिल्ह्यांतले, त्यासाठी आपापल्या शाळा बंद ठेवून. मग शनिवारी सोसायट्यांतली कुटुंबं येऊ लागली, कारण रिह्याच्या फार्महाउसांकडे जाताना शाळा वाटेतच लागायची. एवढ्या पाहुण्यांना पॅटर्न समजावून सांगायला माणूस हवा. फाउंडेशनने उदारपणे कल्पनाताईची नेमणूक कायम केली आणि तिला मार्गदर्शिका केलं. ती आता दिवसभर दाराशी फुलं घेऊन उभी असते आणि मुलांना वाचायला कसं शिकवलं जातं ते सांगते.

सुलक्षणाबाईंना शिक्षिका मिळाली, आणि पुन्हा त्या मधल्या दारात उभ्या राहून दोन्हीकडे डोळे वटारू लागल्या. मुलं विसरू लागली. सिमेंटच्या पोत्यावरची तारीख वाचणारी पोर एक दिवस ‘तारीख’ शब्दालाच अडली. बाईंना वाटलं, हा सराव असेल. तिने घाबरून सांगितलं की बाई, खरंच येत न्हाई.

बाई ढमालेसरांकडे गेल्या. ते म्हणाले, आदर्श शाळेत अशी गोष्ट घडत नाही, त्यामुळे ती घडलेली नाही. त्या जान्हवी मॅडमना म्हणाल्या, मुलं मागे चाललीत, कल्पनाला वर्गात पाठवा. जान्हवी मॅडमचे डोळे चमकले.

“काय सांगता? म्हणजे आपल्याला फ्रेश बेसलाइन मिळेल!”

गेल्या शनिवारी मारुंजीच्या एका सोसायटीतलं कुटुंब आलं होतं. शैलेश नावाचे गृहस्थ, त्यांच्या पत्नी आणि दुसरीतला वेदांत. कल्पनाताईने फुलं दिली, पॅटर्न सांगितला, मुलांनी स्वागतगीत म्हटलं. शैलेश मनापासून गहिवरले. म्हणाले, अशा शाळा टिकल्या पाहिजेत. समाजाने पुढं आलं पाहिजे. आपण स्वतः काय करू शकतो, असं त्यांनी तीनदा विचारलं.

तिसऱ्यांदा विचारल्यावर सुलक्षणाबाई म्हणाल्या, “एक करा. सोमवारपासून वेदांतला इथे पाठवा. तुमच्यासारखे दहा पालक आले, तर दोन्ही खोल्यांत शिक्षक येईल. मी लिहून देते.”

शैलेशनी पत्नीकडे पाहिलं. मग त्यांना कळलं की बाई गमतीने बोलताहेत, आणि ते मोकळेपणाने हसले. पत्नीही हसली. हाफीजभाई शाळेच्या नळासाठी पाइप घेऊन आले होते, तेही हसले, पण वेगळं.

इथवर वाचताना, तुम्हीही दोन-तीनदा हसला असाल. हरकत नाही. तुमची मुलं कोणत्या शाळेत आहेत, हे सुलक्षणाबाईंनी तुम्हाला अजून कुठे विचारलंय?