कोठीतले बारसे

बारशाच्या मंगल दिवशी कोणतेही विघ्न येऊ नये, या एकाच शुद्ध हेतूने धनीरामजींनी सकाळी स्नान आटोपताच वायफायची डबी धानाच्या कोठीत टांगून ठेवली.

बारसे त्यांच्या नातीचे होते आणि ते पुण्यात व्हायचे होते. थोरला मनिष तिकडेच नोकरीला, सून तिकडचीच. इकडे धनीरामजींच्या आसगावात मात्र धानाची मळणी ऐन भरात आलेली आणि दिवाळीनंतरच्या गाड्यांना पाय ठेवायला जागा नाही. तेव्हा मनिषनेच तोडगा काढला. बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. तर त्याच्या बहिणीने, म्हणजे तृप्तीने, तो आसगावातूनच मोबाइलवर पार पाडावा. तिकडे फोन बाळाच्या कानाशी धरला जाईल. विहीणबाईंनी रुकार दिला, परंतु जाता जाता एक वाक्य सोडले, "नाहीच लागला फोन, तर आमची धाकटी आहे की! मावशी सांगेल नाव." त्या वाक्याने धनीरामजींच्या पत्नी बेबीबाईंच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

धनीरामजींची चिंता निराळी होती. नवे धान घरात आले की उंदीर येतात, आणि यंदाच्या उंदरांनी तर मिक्सरची वायर कुरतडून आपली योग्यता आधीच सिद्ध केली होती. घरात उंदराला दुर्गम असे स्थान एकच, ती पुरुषभर उंचीची पत्र्याची कोठी. तिच्या गुळगुळीत अंगावर उंदराचा पाय ठरत नसे. कोठी रिकामी होती. त्यांनी डबी आत दोरीने टांगली, तिच्या वायरी झाकणाच्या फटीतून बाहेर घेतल्या, हिरवा दिवा लुकलुकतो आहे याची खात्री केली आणि झाकण लावले. जे डोळ्यांना दिसत नाही त्याला भिंतीची काय किंवा पत्र्याची काय, आडकाठी कसली, अशी त्यांची श्रद्धा होती. मग ते झेंडूच्या फुलांसाठी अड्याळच्या बाजाराला निघून गेले.

इकडे बेबीबाईंनी अंगण पाहिले. वाळत घातलेले धान अंगणभर पसरलेले; रांगोळी काढावी तर कुठे? त्यांनी मजूर बायांना सांगितले, "कोठी रिकामीच हाये. घाला तिच्यात सारा धान." बायांनी शिडी लावून, आत न डोकावताच, टोपल्यामागून टोपले ओतले. अंगण लख्ख झाले. बेबीबाई समाधानाने रांगोळीला बसल्या आणि बाया शेताकडे गेल्या.

दुपार होता होता तृप्ती नवी साडी नेसून फोन घेऊन बसली आणि तिचा चेहरा उतरला.

"बाबा, आपला वायफाय दिसूनच नाई राहिला."

"दिसन कसा?" झेंडूचा हार ओवत धनीरामजी म्हणाले. "तो हवेतून येते."

फोनच्या स्वतःच्या नेटवर्कची त्या गल्लीत एकच काडी येई, आणि तीही पाहुण्यासारखी, आल्या आल्या जायला निघे. तृप्तीने साधा फोन लावून पाहिला. मनिषचा आवाज तुकड्यातुकड्यांनी आला. "गुरुजी... घाई... मावशी तयार..." एवढे चार शब्द मात्र स्पष्ट पोहोचले. बेबीबाईंनी तडक कृष्णरावांना हाक मारली.

कृष्णराव समोरच राहत. गावातला पहिला स्मार्टफोन त्यांनी घेतला होता आणि पहिला पाण्यातही त्यांनीच पाडला होता. त्यामुळे या विषयात त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई.

"पहिले विमानावर टाक," फोन हातात घेऊन ते म्हणाले. "मंग काढ."

विमान आले आणि गेले. काही झाले नाही.

"बंद करून चालू कर." तेही झाले. "आता फोनले सांग, या वायफायले विसरून जा."

"काहून जी?" धनीरामजी चमकले. "आठवण ठेवून तं लागून नाई राहिला, विसरल्यावर कसा लागन?"

"तुमाले नाई समजत, भाऊ. विसरलं का मंग नव्यानं ओळख होते."

फोन विसरला, परंतु नवी ओळख करून घ्यायला समोर कोणीच येईना. यादीत आपले नाव नाही. होते ते एकट्या गोपीचंदचे.

गोपीचंद शेजारीच राहत असे, पण बांधावरच्या एका बाभळीवरून दोन्ही घरांचे बोलणे खुंटले होते.

"त्याच्याकून पासवर्ड मांगा," बेबीबाई म्हणाल्या.

"मी? त्याच्याकून?"

"मान आत्याचा जाऊन राहिला, आन तुमी आपला मान धरून बसा! तिकडं ते मावशी पदर खोचून उभी हाये."

धनीरामजी उठले. कुंपणाशी गेले. घसा खाकरला. पलीकडे गोपीचंद दोरी वळत बसला होता. तो लगबगीने उठला.

"गोपीचंद, जरासा तुमचा वायफाय..."

"अजी भाऊ, आमचा तं कालपासून निसता नावाले हाये! दिसते, पन चालत नाई. मीच तुमच्याकडं मांगाले येऊन राहिलो होतो, पन पाय उठे ना."

मग नातीच्या बारशाची अडचण ऐकताच गोपीचंद दोरी टाकून कुंपण ओलांडून आला आणि त्याने तो प्रश्न विचारला, जो आतापर्यंत कोणालाच सुचला नव्हता.

"भाऊ, तुमची डबी हाये कुठं?"

"हाये ना सुरक्षित," धनीरामजी अभिमानाने उत्तरले. "उंदीर का, उंदराचा बाप पोचू शकत नाई. कोठीत टांगली."

बेबीबाईंच्या हातून हळदीची वाटी निसटली. "कोनत्या कोठीत?"

"आपल्याकडं कोठ्या कितीक हायेत?"

"अवो, तिच्यात तं सकाळीच धान भरला मी!"

सारी मंडळी कोठीकडे धावली. झाकण उघडले. आत काठोकाठ नव्हे, पण निम्म्याच्या वर पिवळेजर्द धान, भाराने तुटलेली दोरी, आणि वरून आत शिरलेल्या वायरी त्यात गडप झालेल्या. धनीरामजींनी वायरीला हात घालताच कृष्णराव ओरडले, "ओढू नोका! काचीचा धागा हाये तो, तुटला का चार दिवस कोनी येत नाई जोडाले!"

"मंग बाबा, व्हा बाजूले," तृप्ती म्हणाली. तिने पदर खोचला, फोन कमरेला खोवला, शिडी चढली आणि नव्या साडीसकट कोठीत उतरली. कमरेपर्यंत ती धानात रुतली. दोन्ही हातांनी तिने धान उकरायला घेतले. बाहेर गोपीचंदने शिडी धरलेली, बेबीबाईंनी डोळे मिटून कुलदैवताचा धावा मांडलेला.

"सापडली! दिवा चालू हाये!"

तिने डबी वर घेतली, झटकली, तिच्या पाठीवरचा पासवर्ड विसरलेल्या फोनला पुन्हा दिला, आणि त्याच क्षणी फोन खणखणला. पडद्यावर पुणे उजळले. डबी हातभरच वर येत होती आणि बाहेर पडायला अवधी नव्हता.

"तृप्ते, कुठे आहेस? गुरुजी थांबलेत!" मनिषचा आवाज.

"आहे ना, दादा," तृप्ती धापा टाकत म्हणाली.

पडद्यावर विहीणबाई पुढे सरसावल्या. त्यांनी पाहिले: नव्या साडीतली आत्या, सभोवार सोन्यासारखी धान्यरास, केसांत, खांद्यावर दाणे विखुरलेले. त्यांच्या चेहऱ्यावरचे भाव पालटले.

"अगंबाई! तुमच्याकडे आत्या धान्याच्या राशीत बसून नाव सांगते? आम्ही आपले ताटात मूठभर तांदूळ पसरलेत!"

"केवढी उदात्त पद्धत!" मागून गुरुजींचा स्वर आला. "साक्षात धान्यलक्ष्मीच्या मांडीवर नामकरण!"

तृप्ती खरे सांगायला तोंड उघडणार, तोच शिडीवरून धनीरामजींचे मस्तक कोठीच्या तोंडाशी प्रकटले. "हो जी," ते नम्रतेने म्हणाले. "मान आत्याचा. मंग जागा बी मानाचीच पायजे."

मावशीने स्वतः फोन बाळाच्या कानाशी धरला. तृप्तीने डोळे पुसले, फोन ओठांशी नेला आणि हळूच म्हणाली, "मैत्रेयी." पलीकडे रडणारे बाळ थांबले, विचारात पडल्यासारखे झाले आणि शिंकले. पुण्यात टाळ्या वाजल्या. आसगावात बेबीबाईंनी कोठीला हळदकुंकू लावले.

तृप्तीला बाहेर काढून साडीतले धान झटकेपर्यंत ऊन कलले. कृष्णराव, आपल्याच उपायाने फोन लागला असे सांगत, घरी गेले. गोपीचंद मात्र शिडीपाशीच घुटमळत होता.

"भाऊ, पुढच्या महिन्यात आमच्या नातवाचं बारसं हाये," तो अखेर म्हणाला. "आमच्या सूनबाईनं कुंपनावरून सारं पाह्यलं. ते म्हनते, आता आत्याले धानात नाई बसवलं तं लोकं नावं ठेवतीन. पन आमची कोठी लहान पडते. तुमची भेटन का?"

धनीरामजींनी दूर शेतांकडे पाहिले, क्षणभर विचार केला आणि परंपरेच्या जाणकाराला शोभेल अशा गंभीर स्वरात म्हणाले,

"भेटन ना, बापा. पन एक ध्यानात ठेव. आत्यानं उतरताना उजवा पाय पहिले टाकाचा असते."