गळती आणि भरपाई

"तुमच्या लघवीतून प्रथिनं जायला लागली आहेत," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं, जेवढी जातात तेवढी भरायची! (मी गोदामात कारकून. माल कमी पडला की मागवायचा, याउपर मला काही कळत नाही.) बाई पुढेही बोलत होत्या, साखर, पथ्य, रक्तदाब... पण मला उपाय सुचला की माझे कान आपोआप मिटतात.

"अहो, खायचं काय ते विचारलंत का?" हिने घरी विचारलं.

"त्यात विचारायचं काय? प्रथिनं!"

झालं! सकाळी अंडी, संध्याकाळी अंडी. कोपऱ्यावरच्या जिममधला पैलवान म्हणाला, "काका, नुसतं खाऊन अंगी लागत नाही." त्याने मला पावडरीचा बादलीएवढा डबा दिला आणि हातात वजनं दिली. काय तो उत्साह! येताजाता आरशात दंड बघायचो. (दंड दिसायचा नाही, पण मी बघायचो.) अंग ठणकायला लागलं, तेव्हा दुखण्याच्या गोळ्या सुरू केल्या. चुरमुऱ्यांसारख्या खाल्ल्या.

एके सकाळी बुटात पाय जाईना. मी आनंदाने ओरडलो, "अगं, बघ! पोटऱ्या भरल्या!"

हिने पायावर बोट दाबलं. खळगा पडला आणि तसाच राहिला.

"हे स्नायू नाहीत, पाणी आहे," ही हळूच म्हणाली. "चला, आत्ताच्या आत्ता."

डॉक्टरीणबाईंनी माझा पराक्रम ऐकला आणि पेन खाली ठेवलं.

"मूत्रपिंडात बारीक गाळण्या असतात. साखर वर्षानुवर्षं चढलेली राहिली की त्या खराब होतात आणि अंगात राहायचं ते बाहेर गळतं. दुखत नाही, खुपत नाही. अशा फाटक्या गाळणीवर तुम्ही पोत्याने माल ओतलात! वर त्या गोळ्या! मधुमेहाला जे करायला दहा वर्षं लागली, ते तुम्ही तीन आठवड्यांत उरकायला निघालात?"

एरवी अशा वेळी माझी हजेरी घेणारी ही गप्पच होती. तिने माझी बाही घट्ट धरली होती. तेव्हा मात्र माझी पाचावर धारण बसली.

तपासण्या झाल्या. थोडक्यात निभावलं होतं. डबा बंद, गोळ्या बंद, साखर आणि रक्तदाब मुठीत. सूज उतरली तशी हिची जीभ पूर्ववत चालू लागली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

मग आम्ही दोघं पैलवानाचा निरोप घ्यायला गेलो.

"काका, तुमचा फोटो भिंतीवर लावलाय!" तो म्हणाला.

माझी छाती फुगली. हिला ओढतच आत नेलं. भिंतीवर दोन फोटो होते. एका पिळदार तरुणाखाली लिहिलं होतं 'नंतर'. माझ्याखाली, 'आधी'.

"अरे, पण हा माझा फोटो कधीचा?"

"तुमच्या शेवटच्या दिवशीचा, काका. अगदी फुल फॉर्ममध्ये होतात!"