फटीतला निकाह

मलेशियातल्या कुआला पिलाह गावच्या त्या गल्लीत स्वयंचलित गेट सगळ्यांकडे होतं. पण हाजी सुहैमींच्या मते बाकीची गेटं नुसती सरकायची. त्यांचं गेट अदबीनं बाजूला व्हायचं. लेकीच्या, हसलिंडाच्या निकाहाला ढोल वाजवत नवरदेव आला की लांबून रिमोट दाबायचा, हा बेत त्यांनी लग्न ठरायच्याही आधी ठरवला होता. मोटरच्या पेटीत पाली शिरतात, ती अधूनमधून साफ करून घ्या, असं गेट बसवणाऱ्यानं बजावलं होतं. आमच्या पाली असल्या उचापती करत नाहीत, असं सांगून सुहैमींनी त्याला वाटेला लावलं.

नवरदेव खैरिल जरीच्या पोशाखात छत्रीखाली येऊन उभा राहिला. सुहैमींनी रिमोट दाबला. गेट वीतभर सरकलं, उचकी लागल्यासारखं हललं आणि थांबलं. पुन्हा दाबला. गेट नुसतं कण्हलं.

बाहेरची वरात खूश! मुलीकडच्यांनी वाट अडवायची आणि पैशांचं पाकीट घेऊन सोडायची, ही तर रीतच. पण लोक दारात कापड ताणतात, इथे थेट लोखंड. खैरिलच्या थोरल्या काकांनी रिवाजाप्रमाणे कवितेच्या दोन ओळी म्हटल्या आणि फटीतून पाकीट सरकवलं.

"अहो व्याही, गेट बिघडलंय," सुहैमी म्हणाले.

"बिघडणारच," काका दुसरं पाकीट काढत म्हणाले. "एका पाकिटात कुठलं सुधारतंय?"

सुहैमी शपथा घ्यायला लागले तशा टाळ्या पडल्या. इतकं हुबेहूब सोंग वरातीनं कुठल्याच लग्नात पाहिलं नव्हतं. आत हसलिंडाच्या आत्यांनाही वाटलं, दादानं काहीतरी नवीन काढलंय. त्या फटीशी येऊन भाव वाढवायला लागल्या.

गेट हातानं सोडवायची एक चावी होती. ती कुणाला सापडू नये म्हणून सुहैमींनी लपवली होती, आणि त्यात त्यांना पूर्ण यश आलं होतं.

सुहैमींच्या बायकोनं, रोकियानं, त्यांच्या कानात सांगितलं की मागचं स्वयंपाकघराचं दार सताड उघडं आहे, सकाळपासून अख्खी गल्ली तिथूनच ये-जा करतेय. सुहैमी तिच्याकडे बघतच राहिले. नवरदेव म्हणजे एका दिवसाचा राजा. त्याला मासळीच्या बादलीला वळसा घालून आणायचं? तो पाहुणा होता, गॅसचा सिलिंडर नव्हता.

तेवढ्यात वरातीतल्या काझींनी घड्याळ पाहिलं. त्यांना पुढच्या गावी दुसरा निकाह लावायचा होता. इथला आत्ता लागला नाही तर आज लागत नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. हशा तिथल्या तिथे विझला. मग काझी फटीशी आले, एका डोळ्यानं आत पाहिलं.

"मुलीच्या बापाचा हात जावयाच्या हातात लागतो," ते म्हणाले. "मधे गेट नसावं, असं मी कुठे वाचलेलं नाही. पण आधी वीज बंद करा. याला मधेच अक्कल आली तर जावई डावखुरा होईल."

रोकियानं मेन स्विच पाडला. पंखे थांबले, आत्याही थांबल्या. एक साक्षीदार आत, एक बाहेर. सुहैमींनी फटीतून खैरिलचा घामेजलेला हात धरला आणि लेक त्याला दिली. त्यानं एका दमात कबूल म्हटलं. काझी दुआ मागून मोटरसायकलवर बसून गेलेसुद्धा.

सुहैमींनी हात सोडला नव्हता. "पोरा, तुला या गेटातूनच आणायचं होतं रे मला," ते पडेल आवाजात म्हणाले.

"बाबा, मी अजून पाहुणाच आहे का?"

सुहैमींनी विचार केला. "नाही. आता घरचा झालास."

"मग मागनं येतो की."

ढोल वाजवत वरात मागच्या दाराकडे वळली. सुहैमी घरातून धावत, समाधानानं धापा टाकत स्वयंपाकघरात पोचले. दारात आत्या कापड ताणून उभ्या होत्या.

"आता कशाला?" सुहैमींनी विचारलं. "पाकिटं घेतलीत ना?"

"दादा, ते गेट खरंच बिघडलं होतं ना?" थोरली आत्या म्हणाली. "मग वाट अडवायची आमची अजून राहिलीच की."