राजवाडा बँकेपाशी की वाचनालयापाशी?

घड्याळवाल्यांनी जेवणाच्या टेबलावर तक्ता उलगडला, तेव्हा त्याचं एक टोक भाजीच्या पातेल्यात गेलं. ते पुसत त्यांनी जाहीर केलं, "अडीच दिवस. तेवीस ठिकाणं. बसवली सगळी."

बायकोने चष्मा लावून तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. ती घरी शिवणाचा क्लास चालवायची. कापडाला कात्री लावण्याआधी दोनदा मापायची. "यात आपण टेकायचं कधी?"

"दुसऱ्या दिवशी. चार चाळीस ते चार पंचावन्न."

युरोपातल्या एका जुन्या, ऐतिहासिक शहराची ही सहल मुलीने आईबाबांना लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाला भेट दिली होती. ती तिथून आगगाडीने पाच तासांवर नोकरीला होती. दोघांनी तोवर विमान पाहिलं होतं ते खालून. "निवांत फिरा," असं मुलीने बजावलं होतं. पण चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला निवांत म्हणजे नक्की किती मिनिटं, हे कळेना.

"आधी इथेच चालून बघू," ते म्हणाले. "रविवारी. अंतराचा अंदाज येईल."

मग नकाशावर पट्टी ठेवून त्यांनी आपल्याच गावातल्या जागा नेमल्या. टपाल कचेरी म्हणजे मोठं चर्च. पाण्याची टाकी म्हणजे मनोरा. बँक म्हणजे राजवाडा. रेल्वेरुळांवरचा लोखंडी पूल म्हणजे नदीवरचा दगडी पूल. चुकामूक झाली तर राजवाड्यापाशी भेटायचं. बायकोचा मोबाइल घरी ठेवायचा, कारण "तिकडे तुझा चाललाच नाही तर?" पहिला दिवस सगळा विमानातून उतरून सामान ठेवण्यात जाणार, म्हणून तालीम थेट दुसऱ्या दिवसाची.

रविवारी सकाळी नऊला दोघं टपाल कचेरीसमोर उभी राहिली. तक्त्यात चर्चला पंचवीस मिनिटं होती. दहाव्या मिनिटाला पहारेकरी आला.

"काय पाहिजे?"

"काही नाही. बघतोय."

"आज बंद आहे."

"बाहेरूनच बघायचंय. अजून पंधरा मिनिटं आहेत."

पहारेकरी दोन पावलं मागे सरकला आणि तिथूनच नजर ठेवून राहिला.

मनोऱ्यापाशी बायकोच्या चपलेचा पट्टा निघाला. ती वाकली. घड्याळवाले चार मिनिटं मागे पडले होते, म्हणून ते तसेच पुढे सुटले. पुलावर पोचून वळून बघतात, तर मागे कोणी नाही. ठरल्याप्रमाणे ते राजवाड्यापाशी गेले आणि वाट बघत बसले.

घोळ एवढाच होता, की शनिवारी त्यांनी पुन्हा अंतर मोजलं होतं. बँक दोनशे मीटर कमी पडत होती, म्हणून त्यांनी राजवाडा वाचनालयात हलवला होता. स्वतःच्या तक्त्यात. बायकोला दिलेल्या प्रतीत ते राहून गेलं होतं.

तासाभराने समोरचा औषधवाला दुकानातून बाहेर आला. "काका, कोणाची वाट बघताय?"

"बायकोची. मनोऱ्यापर्यंत बरोबर होती. पुलावर दिसेना. आता राजवाड्यापाशी यायला हवी."

"कुठला राजवाडा?"

"हा काय!"

औषधवाल्याने वाचनालयाकडे पाहिलं, मग काकांकडे पाहिलं. त्याने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आत जाऊन त्यांच्या मेहुण्याला फोन लावला. मेहुण्याने घाबरून भाचीला लावला. पाचच मिनिटांत घड्याळवाल्यांचा फोन वाजला.

"बाबा, कुठे आहात तुम्ही?"

"राजवाड्यापाशी."

"...आज वार कोणता, बाबा?"

"रविवार. म्हणजे दुसरा दिवस."

"पहिला कुठे गेला?"

"तो आम्ही झाला असं धरलं."

"आई कुठे आहे?"

"हरवली. पण नदी ओलांडली नसावी."

"बाबा, आपल्या गावात नदी नाहीये हो!" मुलगी रडायला लागली.

"माहीत आहे गं! मी काय वेडा आहे? नदी म्हणजे रूळ!"

एवढ्यात मेहुण्याची स्कूटर येऊन थांबली. मागे बायको. ती बँकेच्या पायरीवर सापडली होती.

"माझ्या कागदावर बँक लिहिलंय!" ती उतरता उतरताच कडाडली.

"राजवाडा काल हलवला!"

"आणि मला कोण सांगणार होतं? राजा?"

औषधवाल्याने मुकाट्याने दुसरी खुर्ची आणली.

बायकोने नवऱ्याच्या हातातून फोन घेतला. "रडू नकोस गं. त्याचं काय झालं, की..."

"आई, तू काही सांगू नकोस. मला कळलंय सगळं. मी तुम्हाला दोघांनाच नाही फिरू देणार. साहेबांनी रजा नाही म्हणून सांगितलं होतं, पण आता मी भांडून घेते. विमानतळावर येते, अडीच दिवस तुमच्याबरोबरच राहते. चालेल?"

चार वर्षं झाली होती लेकीला बघून. बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. तो हातवारे करून 'तालीम, तालीम' असं सुचवत होता. तिने पाठ फिरवली.

"ये बाई," ती म्हणाली. "मला एकटीला नाही झेपायचे ते."

फोन बंद झाल्यावर घड्याळवाले उसळले. "अगं, खरं का नाही सांगितलंस? तिला वाटतंय, माझं डोकं फिरलंय!"

"सांगू की. विमानतळावर भेटली की सांगू," बायको खुर्चीत ऐसपैस टेकत म्हणाली. "तोवर तिचा फोन आला, की जरा राजवाड्याचं बोलत चला."