बॅगेतली हिरवी साडी

मोबाइलवर मुलगे आवडणाऱ्या मुलग्यांवरच्या तीन मालिका शेवटपर्यंत पाहिलेला पाली गावातला मी एकमेव गणिताचा निवृत्त मास्तर. त्यामुळे आमचा हर्षद शिमग्याला मुंबईहून आला आणि दुसऱ्याच दिवशी त्याने मिशी काढली, तेव्हा मला पाच मिनिटंही लागली नाहीत. मालिकेतल्या तसल्या मुलांना मिशी नसते. नखं स्वच्छ असतात. ती आरशासमोर उभी राहून रडतात. हर्षद रडत नव्हता, पण आरशासमोर होता. मग त्याच्या बॅगेत माझ्या बायकोची, सावित्रीची, हिरवी साडी सापडली आणि गणित सुटलं!

भीती वाटली ती मालिकेतल्या बापाची. तिन्ही मालिकांत बाप ओरडतो, मुलगा घर सोडतो आणि थेट बापाच्या तेराव्याला उगवतो. मला एकच मुलगा आहे. मला तो मी जिवंत असतानाच घरात हवा होता.

दोन दिवस भाषण पाठ केलं. सकाळी ओटीवर हर्षद चहा पीत होता, सावित्री नारळ खवत होती. मी उभा राहिलो.

"हर्षद, तुला मुलगे आवडत असले तरी हे घर तुझंच आहे. साडी नेसलास तरी. फक्त जाऊ नकोस."

"बाबा, साडी शिमग्याच्या नमनाच्या खेळातल्या राधेसाठी आहे, यंदा राधा मी नाचणार. मिशी त्यासाठीच काढली. पालखीच्या दिवशी तुम्हाला चकित करणार होतो."

मी खाली बसलो. गावच्या नमनात नऊ वर्षं राधा मीच नाचलो होतो. मिशी काढून, सावित्रीच्याच साड्या नेसून. तेव्हा मालिका नव्हत्या, म्हणून कुणाला काही सुचलं नाही.

"आणि नखं?" मी चिकाटी सोडली नाही.

"नखं लोक कापतात, बाबा."

मी तोंड लपवायला माझा चहाचा कप उचलला. पण हर्षद हसत नव्हता.

"जाऊ नकोस म्हणालात, ते खरं ना?"

"अगदी खरं."

"मग तुमची रीत सगळी चुकली. पण उत्तर बरोबर आहे."

नारळ खवण्याचा आवाज थांबला. मी सावित्रीकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय? मला गेल्या गणपतीतच सांगितलान. तुम्हाला सांगायला घाबरत होता."

हर्षद रडला, मीही रडलो. ओटीवर आरसा नव्हता, नाहीतर मालिकेतलं तेवढं लक्षण पुरं झालं असतं.

एक राहिलं. रीत चुकली म्हणून, उत्तर बरोबर असूनही, ज्या पोरांना मी सदतीस वर्षं भोपळा दिला, त्यांची माफी मागतो.