ठिणगीची घाई

हेडक्लार्कसाहेबांनी सासऱ्यांची जुनी मोटार सुधारायचं ठरवलं, ते निव्वळ बायकोवरच्या प्रेमापोटी. (निदान ऑफिसात तरी त्यांनी असंच सांगितलं.)

मोटार म्हणजे सासऱ्यांचा जीव. गुडघे कुरकुरायला लागल्यावर त्यांनी ती थोरल्या जावयाच्या हवाली केली, पण अट घालून: वर्षभराने येऊन बघेन, हेळसांड दिसली तर धाकट्या जावयांना देऊन टाकेन. तेव्हापासून धाकटे जावई फोनवर आधी गाडीची तब्येत विचारत आणि मग माणसांची.

या मोटारीच्या स्टिअरिंगपाशी एक पितळी दांडी होती. इंजिनात ठिणगी कधी पडावी, ते तिच्यावर ठरे. वेग आला की दांडी पुढे, म्हणजे ठिणगी लवकर. चढ लागला की मागे, म्हणजे उशिरा. साहेबांना क्लच, ब्रेक आणि रस्ता एवढ्यातच घाम फुटे. दांडी सांभाळायची बायको, शेजारी बसून, नुसत्या आवाजावरून. लहानपणी वडिलांच्या शेजारी बसून ती हे शिकली होती. साहेबांना वाटे, बिचारीला कधी निवांत बसता येत नाही. शिवाय 'गाडी तुम्ही चालवता की वहिनी?' असं ऑफिसात विचारून झालं होतं.

तेव्हा सासरे गाडी बघायला यायच्या आदल्या दिवशी त्यांनी गुपचूप एक यंत्र बसवून घेतलं. त्यातली छोटी वजनं वेगाबरोबर बाहेर सरकत आणि ठिणगी आपोआप लवकर पडे. पेट्रोलही वाचणार होतं.

"दांडी काढून टाकू?" मेकॅनिकने विचारलं.

"छे छे, राहू दे! सासरे आले की त्यांच्यासमोरच बायकोला एकदम सांगणार आहे."

"मग ती पार मागे ठेवा आणि हलवू नका," मेकॅनिक म्हणाला. पण साहेब तोवर मनातल्या मनात भाषणाला लागले होते.

सासरे आले, मागच्या सीटवर बसले. गाडीने वेग घेतला तशी बायकोने सवयीने दांडी पुढे सारली. यंत्रानेही आपलं काम चोख केलं. इंजिन खडखडायला लागलं. तिने कपाळाला आठी घालून दांडी मागे घेतली. ही आपल्या सुधारणेवर पाणी फिरवतेय, असं साहेबांना वाटलं. (लवकर म्हणजे चांगलं, एवढंच त्यांना कळलं होतं.) त्यांनी हळूच दांडी पुढे ढकलली. तिने मागे घेतली. त्यांनी पुन्हा पुढे.

"दोघं कॅरम खेळताय की काय?" मागून आवाज आला.

ऐन चढावर गाडीने धुराचा भपकारा सोडला आणि मान टाकली.

"बस झालं," सासरे म्हणाले. "धाकट्यांना फोन करतो."

बायकोचे डोळे भरून आले. ते बघून साहेब भाषण पार विसरले.

"तुझा हात मोकळा व्हावा म्हणून यंत्र बसवलं गं," ते कसंबसं म्हणाले. "ठिणगी आता आपोआप लवकर पडते."

ती बघतच राहिली आणि मग खो खो हसत सुटली. "अहो, मग दांडी मागे नको का ठेवायला? यंत्राला घाई, मला घाई, वर तुम्हाला घाई! इंजिनाने करायचं तरी काय?"

तिने दांडी पार मागे सारली. गाडी सुरू झाली आणि गुणगुणत चढ चढून गेली.

"तू नसतीस तर गाडी आणि मी, दोघंही इथेच राहिलो असतो," साहेब म्हणाले. हे भाषणात नव्हतं, पण अगदी मनापासूनचं होतं.

वर पोचल्यावर सासऱ्यांनी गाडी थांबवायला लावली. ते म्हणाले, "जावईबापू, लेकीचा हात मोकळा करायचं मला कधी सुचलं नाही. उपकार झाले तुमचे. गाडी आता तुमच्याकडेच राहील."

साहेबांची छाती शर्टात मावेना.

"फक्त ती चालवेल. तुम्ही मागे या, मी पुढे बसतो."

साहेब मुकाट्याने मागे जाऊन बसले. तरी थोडी वाहवा मिळवण्याच्या आशेने त्यांनी विचारलं, "काय गं, आता दोन्ही हात मोकळे झाले ना?"

"हो ना," बायको स्टिअरिंग धरत कृतज्ञतेने म्हणाली. "एक यंत्रामुळे, आणि दुसरा तुम्ही मागे गेल्यामुळे. त्या हाताने मी वर्षभर दाराची कडी धरून बसत होते."