वाघाच्या कानातली तीन अंडी

मुलांनो, मांडी घालून बसा. शेजारच्याला चिमटे काढायचं काम गोष्ट संपेपर्यंत बंद.

एका जंगलात कचरा फार व्हायचा. आता कचरा कुठल्या जंगलात होत नाही? साप कात टाकतो, सांबर शिंगं टाकतं. माकड अर्धं फळ खातं, अर्धं टाकतं आणि वरून दुसऱ्यांना नावं ठेवतं. पण या जंगलाच्या चारी बाजूंना नदी होती. त्यामुळे जागा होती तेवढीच होती.

म्हणून तिथे झाडलोटीची एक रीत होती. ते काम धोंडबा तरसाकडे होतं. महिन्यातून एकदा तो ढोल वाजवायचा. ढोल वाजला की जो जिथे असेल, जसा असेल, तसाच थांबायचा. उडी मारायला हरणाने पाय उचललेला असला, तर तो उचललेलाच राहायचा. मग धोंडबा एकेका वस्तूपाशी जाऊन विचारायचा, "ही कुणाची?" कुणी "माझी" म्हटलं तर वस्तू राहायची. कुणीच बोललं नाही तर ती नदीत जायची.

जे उरेल ते सगळं, वस्तू आणि जनावरं दोन्ही, तो ढकलत ढकलत डाव्या बाजूला खेटून लावायचा. उजवीकडे मोकळं मैदान व्हायचं. मग प्रत्येकाच्या कानात त्याचा नवा पत्ता सांगायचा आणि पुन्हा ढोल वाजवायचा. सगळे आपापल्या कामाला लागायचे. ज्याला नवी जागा हवी असेल, त्याला मैदानात मिळायची.

सगळं बरं चाललं होतं. बरं चाललेलं फार दिवस टिकत नाही, हे तुम्हाला मोठेपणी कळेल.

नदीच्या पलीकडे एक गाव होतं. तिथल्या म्हशींबरोबर गायबगळे काठावर यायचे आणि उडून जंगलात शिरायचे. त्यांचा धंदा कान कोरायचा. म्हशींचे कान कोरून कोरून त्यांची चोच तयार झाली होती.

पण बगळे पडले परके कारागीर. त्यांना जंगलाची भाषा येत नव्हती. ढोल म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. जंगलात कुणाचं नाव काय, हेही त्यांना माहीत नसायचं. त्यांना नुसती जागा सांगावी लागायची. "वडापासून सतरा पावलं, डावीकडचं भोक," असं खुणेनं सांगितलं की बगळा डोळे मिटायचा, कारण मळ डोळ्यात उडतो. डोळे मिटून सतरा पावलं चालायचा, भोकात चोच घालायचा, मळ काढायचा, वडापाशी आणून टाकायचा आणि पुन्हा सतरा पावलं चालायचा. काम संपेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत, ही त्यांच्या धंद्याची शिस्त होती.

एकदा एक बगळा गव्याचा कान कोरत होता. मळ टाकायला तो वडापाशी आला आणि नेमका तेव्हाच ढोल वाजला. धोंडबाने झाडलोट केली. गवा पुढे सरकला आणि त्याच्या जागेवर वाघमहाराज आले. बगळा सतरा पावलं चालत परत आला. डावीकडच्या भोकात त्याने चोच घातली. ते महाराजांचं नाक होतं. आत जे सापडलं ते त्याने इमानेइतबारे ओढून काढलं.

महाराज तीन महिने शिंकत होते. दरबाराने प्रत्येक शिंकेला टाळ्या वाजवल्या.

शिंका थांबल्यावर प्रधान कोल्हेपंतांनी नियम केला. बगळ्याने काम सुरू करताना वरच्या फांदीला तांबडी चिंधी बांधायची. काम संपलं की ज्याने बांधली त्यानेच ती सोडायची. आणि जंगलात एक जरी चिंधी दिसत असेल, तरी झाडलोट करायची नाही.

नियमात काही खोट नव्हती. नाक वाचलं. पण महाराज आता स्वतःचे कान कोरून घेऊ लागले, आणि महाराज करतात म्हटल्यावर सगळ्या जंगलाला कान आठवले. सशांची रांग सगळ्यात लांब होती. कासवाला कान कुठे असतात ते कासवालाही ठाऊक नाही, तरी ते रांगेत होतं. रांग आहे म्हणजे काहीतरी मिळत असणार, असं त्याचं म्हणणं होतं.

एक चिंधी सुटायची, दोन बांधल्या जायच्या. धोंडबा गळ्यात ढोल अडकवून दिवसभर फांद्यांकडे बघत बसायचा. असे चार महिने गेले. कचरा गुडघ्यापर्यंत आला. सापाला आपण कोणते आणि आपली कात कोणती, तेही उमजेना.

आता टिमकीची गोष्ट ऐका. टिमकी ही लावरी होती. लावरी म्हणजे मुठीएवढा पक्षी. ती झाडावर घरटं बांधत नाही, जमिनीवरच अंडी घालते. मागच्या वर्षी झाडलोटीच्या आधीच दिवस भरले म्हणून टिमकीने पाचोळ्यात अंडी घातली होती. ती रानडुकराच्या पायाखाली गेली. रानडुक्कर वाईट नव्हतं. त्याला पाचोळ्यात दिसलं नाही. टिमकीने त्याला बोल लावला नाही. पण त्या जागेवरून जायची वेळ आली की ती अजून वळसा घालून जायची.

या वर्षी पुन्हा तिचे दिवस भरत आले. ती धोंडबाकडे गेली.

"धोंडबादादा, मला चार बोटं मोकळी जमीन दे."

"कुठनं देऊ, बाई? त्या चिंध्या बघ."

"कधी सुटतील?"

"एक सुटंतवर दोन बांधत्यात."

"माझ्याकडे उद्याचा दिवस आहे," टिमकी म्हणाली. "फार तर परवाची सकाळ."

धोंडबाने आपली आयाळ खाजवली. त्याला वाईट वाटलं, पण वाईट वाटून चार बोटं जमीन होत नाही.

मग दोघं कोल्हेपंतांकडे गेली. कोल्हेपंतांनी ऐकून घेतलं आणि नियमात सुधारणा केली. ढोल वाजला की नवी चिंधी बांधायची नाही. आधी बांधलेल्या चिंध्या सुटेपर्यंत सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. शेवटची सुटली की झाडलोट. बगळ्यांना ढोल कळत नव्हता, म्हणून वडापाशी एक अस्वल उभं केलं. नवा बगळा आला की अस्वल नुसतं त्याच्याकडे बघायचं. तेवढं कुठल्याही भाषेत कळतं.

सुधारणा चांगली होती. धोंडबाने तर ढोलाचं कातडं आनंदाने तापवून घेतलं.

टिमकीचा मात्र विश्वास बसेना. सकाळी ती थेट महाराजांकडे गेली. महाराज उजव्या कुशीवर पडले होते. उजवा कान जमिनीत, डावा आकाशात. टिमकी त्यांच्या डोक्यावर चढली, डाव्या कानाशी बसली आणि म्हणाली, "महाराज, मला फक्त चार बोटं..."

ढोल वाजला. सगळे थांबले. टिमकीही कानाच्या काठावर थांबली.

फांद्यांवर नऊ चिंध्या होत्या. एकेक बगळा काम संपवून चिंधी सोडून उडाला. दुपारपर्यंत आठ सुटल्या. नववी सुटेना. ती बाभळीवर होती. धोंडबा बाभळीखाली जाऊन बघून आला. तिथे कान नव्हता, बगळाही नव्हता. तो आदल्या संध्याकाळी म्हशींबरोबर घरी गेला होता. चिंधी सोडायला विसरला होता.

कोल्हेपंत एक पाय उचललेल्या अवस्थेत थांबले होते. पाय थांबवायचा नियम होता, तोंड थांबवायचा नव्हता. ते म्हणाले, "चिंधी आहे, म्हणजे काम चालू आहे."

"पन काम करनारा न्हाई, पंत."

"करणारा नसला म्हणून काम नसतं असं नाही. आपली कचेरी बघ."

"मग मी सोडू का चिंधी?"

"ज्याने बांधली त्यानेच सोडायची. आज तुला एक चिंधी सोडू दिली, तर उद्या कुणीही कुठलीही सोडेल. मग महाराजांच्या नाकाची हमी कोण घेणार?"

नाकापुढे कुणाचं काही चालेना.

दिवस मावळला. दुसरा उजाडला. माकड एका हातावर लोंबकळत होतं. बेडकाची जीभ बाहेर होती आणि तिच्यापुढे बोटभर अंतरावर माशी हवेत थांबली होती. दोघं एकमेकांकडे बघत होती. रांगेतलं कासव तेवढं खूश होतं, कारण आता सगळेच त्याच्या वेगाने चालले होते.

आणि टिमकी? टिमकी जागची हलली नाही. नियम तिने मोडला नाही. पण अंड्याला नियम कोण सांगणार? पहिल्याच दिवशी पहिलं आलं आणि घरंगळत महाराजांच्या कानात गेलं. आत उबदार होतं, कोरडं होतं आणि चकचकीत स्वच्छ होतं. आदल्याच दिवशी कोरलेलं होतं ना. सगळ्या जंगलात तेवढीच चार बोटं जागा मोकळी होती. दुसऱ्या दिवशी दुसरं अंडं आलं, तिसऱ्या दिवशी तिसरं.

महाराजांना कानात गरम वाटलं. हाही उपचाराचाच भाग असेल, असं समजून ते पडून राहिले.

तिसऱ्या दिवशी धोंडबा तिथून गेला. त्याने अंडी पाहिली.

"टिमकीबाई, हे काय केलंस?"

"मी काही केलं नाही. मी थांबले होते."

"आता चिंधी सुटली, तर मला समदं ढकलावं लागंल. म्हाराजांनाबी. अंडी पडतील गं."

टिमकीने हिशेब केला. चिंधी सुटली नाही तर जंगल उपाशी मरणार होतं आणि ती स्वतःही. सुटली तर अंडी जाणार होती. तिने पाचोळा आठवला. मग हळूच विचारलं, "दादा, ती चिंधी असते कशासाठी?"

"ज्याच्या अंगावर काम चाललंय, त्याला हलवू नये म्हणून."

"मग त्याला हलवू नकोस. बाकीच्यांना हलव. बाभळीखालची जागा सोड, महाराजांना सोड, आणि उरलेलं झाड."

धोंडबा तोंड उघडं टाकून उभा राहिला. इतकं सोपं होतं की त्याला लाजच वाटली.

"असा नियम नाही," लांबून कोल्हेपंत ओरडले.

"मग महाराजांना विचारा," टिमकी म्हणाली.

धोंडबा महाराजांच्या तोंडापुढे उभा राहिला. "म्हाराज, तुमाला आन् बाभळीला सोडून बाकीचं झाडू का?"

महाराजांच्या उजव्या कानात माती होती आणि डाव्या कानात तीन अंडी. त्यांना काही ऐकू आलं नाही. ते काही बोलले नाहीत.

आता महाराज बोलले नाहीत म्हणजे त्यांची संमती आहे, असा अर्थ या दरबारात वर्षानुवर्षं लावला जायचा. कोल्हेपंतांनी आपल्या सगळ्या योजना अशाच मंजूर करून घेतल्या होत्या. त्यामुळे त्यांना तोंड उघडता येईना. एरवी तोंडच तेवढं चालू होतं, तेही थांबलं.

धोंडबाने पदर खोचावा तशी शेपटी खोचली आणि कामाला लागला. "ही कुणाची? हे कुणाचं?" चार महिन्यांचा कचरा नदीत गेला. जनावरं डावीकडे खेटून लागली. कोल्हेपंत एका पायावर ढकलले गेले. बाभळीखाली एक तुकडा तसाच राहिला आणि मोकळ्या मैदानात मधोमध महाराज एकटे पडून राहिले, डोक्यावर लावरी घेऊन.

धोंडबाने पुन्हा ढोल वाजवला. सगळे सुटले. बेडकाने जीभ आत घेतली. तीन दिवसांच्या ओळखीनंतर माशी खाणं त्याला बरं दिसेना.

महाराज मात्र सुटले नाहीत. सुटल्याचा ढोल त्यांना ऐकूच आला नाही. मला कानात नवा पत्ता कुणी सांगितला नाही, म्हणजे झाडलोट चालूच आहे, असं समजून ते नियमाने पडून राहिले. धोंडबा रोज त्यांच्या तोंडाशी खायला आणून ठेवायचा. टिमकी दाणे टिपून यायची आणि अंड्यांवर बसायची.

असे सतरा दिवस गेले. लोक तक्रारी घेऊन यायचे. महाराज ऐकायचे नाहीत. लोक थोडा वेळ थांबायचे आणि जाऊन आपलं आपण करायचे. सशांनी पाण्याची वाट नीट केली. माकडांनी फळं पूर्ण खायला सुरुवात केली, कारण अर्धं फळ कुणी फेकलं ही तक्रार ऐकायला कुणी नव्हतं आणि तक्रारीशिवाय फेकण्यात मजा नव्हती. मधल्या काळात तो विसराळू बगळाही आला. "अरे, माझी चिंधी," असं काहीसं आपल्या भाषेत म्हणाला, चिंधीला चोच पुसली आणि ती घेऊन गेला.

सतराव्या दिवशी अंडी फुटली. तीन पिल्लं बाहेर आली, महाराजांच्या कपाळावरून घसरत उतरली आणि आईच्या मागे मैदानात पळाली. टिमकीने मागे वळून तिघांना मोजलं. पुन्हा मोजलं. मग ती थोडी रडली, पण मुठीएवढ्या पक्ष्याचं रडणं कुणाला दिसत नाही.

महाराजांचा कान मोकळा झाला. पहिल्यांदा त्यांना कोल्हेपंतांचा आवाज ऐकू आला. मग अस्वलाची तक्रार, मग सशांची, मग अस्वलाविरुद्ध सशांची. महाराजांनी अर्धा दिवस ऐकलं, मग गुहेत जाऊन टिमकीला बोलावणं पाठवलं.

टिमकी आली. पिल्लं तिच्या पंखाखाली होती. कोल्हेपंतांनी आरोप वाचला, "महाराजांच्या कानात विनापरवाना वास्तव्य."

महाराजांनी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. कोल्हेपंतांनाही. मग ते टिमकीपुढे खाली वाकले आणि हळूच म्हणाले,

"पुढची अंडी कधी?"

"पुढच्या वर्षी, महाराज."

महाराजांनी दाराबाहेर कान दिला. कोल्हेपंत मोठमोठ्याने काहीतरी सुधारत होते.

"तोवर," महाराज म्हणाले, "तुझ्या ओळखीत दुसरं कुणी आहे का?"

तात्पर्य: राज्यात झाडलोट व्हावी असं वाटत असेल, तर नियम सुधारत बसू नये. राजाच्या कानात कुणाची तरी सोय करावी. आणि मुलांनो, स्वतःचे कान रोज साफ ठेवा. ऐकू येण्यासाठी नव्हे. जागा कुणाला कधी लागेल, सांगता येत नाही.